नव्या आवृत्तीची पारख

जून महिन्यात शाळा सुरू झाली की घरोघरी एक प्रसंग हमखास घडतो. थोरल्या भावंडाने वापरलेले गणिताचे गाईड धाकट्याच्या हाती येते. गाईडात लिहिलेले असते, "पाठ्यपुस्तकाच्या ४२ व्या पानावरील ५ वे उदाहरण पाहा." धाकटा मोठ्या उत्साहाने ४२ वे पान उघडतो, तो तेथे उदाहरणाऐवजी भूमितीची आकृती! चौकशी करता असे कळते की, पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली असून तिच्यात आरंभी एक नवे प्रकरण घातल्यामुळे पुढची सर्व पाने सरकली आहेत. आता यात दोष कोणाचा? पाठ्यपुस्तक पूर्वीपेक्षा चांगले झाले आहे. त्यात चूक अशी एकही नाही. गाईडही ज्या दिवशी छापले त्या दिवशी अचूकच होते. दोन्ही पुस्तके आपापल्या परीने निर्दोष असूनही त्यांचा परस्परांशी असलेला मेळ मात्र तुटला, आणि त्याचा भुर्दंड बिचाऱ्या विद्यार्थ्याला बसला.

संगणकाच्या प्रोग्रामांच्या जगात नेमका हाच प्रकार नित्य घडतो आणि तेथे त्याचे परिणाम एका चुकलेल्या उदाहरणापुरते मर्यादित राहत नाहीत. तो टाळण्यासाठी प्रोग्राम बांधण्याच्या साधनांत जी तपासणीची सोय करून ठेवलेली असते, तिला 'पॅकेज व्हॅलिडेशन' म्हणजे पॅकेजची पडताळणी असे म्हणतात. ती काय आहे, ती कशी चालू करावयाची आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजावून सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

बांधणीचे साधन म्हणजे काय?

मनुष्य जो प्रोग्राम लिहितो तो संगणकाला जसाच्या तसा चालवता येत नाही. मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या मजकुरास 'सोर्स' म्हणतात. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्याचे यंत्राला उपयोगी पडेल अशा स्वरूपात रूपांतर करतो. मोठ्या प्रोग्रामात अशा शेकडो फायली असतात. त्यांपैकी कोणत्या बदलल्या, कोणत्यांचे रूपांतर पुन्हा करावयास हवे, कोणत्या क्रमाने करावयास हवे आणि शेवटी सर्व तुकडे कसे जोडावयाचे, हे सारे माणसाने लक्षात ठेवू म्हटले तर चूक ठरलेलीच.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली असाच एक प्रसंग घडला. तेथील एका संशोधकाने आपल्या प्रोग्राममधील चूक दुरुस्त केली होती. परंतु त्या फाईलचे रूपांतर पुन्हा करावयाचे राहून गेले. परिणामी, जो प्रोग्राम कागदावर अचूक होता त्यातील चूक शोधण्यात त्याची सारी सकाळ व्यर्थ गेली. हा वैताग ऐकून स्टुअर्ट फेल्डमन या त्याच्या सहकाऱ्याने 'मेक' नावाचे साधन तयार केले. कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर अवलंबून आहे याची नोंद एका फाईलीत करून ठेवावी आणि उरलेला हिशेब साधनाने करावा, ही त्याची साधी कल्पना होती. बांधणीच्या साधनांची, म्हणजेच 'बिल्ड टूल'ची, परंपरा तेथून रूढ झाली. मायक्रोसॉफ्टच्या 'डॉटनेट' या व्यवस्थेसाठी २००५ साली आलेले 'एमएसबिल्ड' हे साधन याच घराण्यातील होय. पुढील सर्व विवेचन त्यालाच धरून आहे.

एकमेकांवर भार

प्रत्येक प्रोग्राम मुळापासून लिहावयाचा म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून तारखांचा हिशेब, फायली वाचणे, चित्रे दाखवणे अशी वारंवार लागणारी कामे कोणीतरी एकदाच उत्तम रीतीने करून ठेवतो आणि ती इतरांना वापरावयास देतो. अशा कामांच्या संग्रहास 'लायब्ररी' म्हणतात आणि ती ज्या बंद पेटीतून पाठवली जाते तिला 'पॅकेज' म्हणतात. डॉटनेटच्या जगात ही पॅकेजे 'नूगेट' या व्यवस्थेमार्फत २०१० सालापासून वाटली जात आहेत. तेथील पॅकेज म्हणजे वस्तुतः एक झिप फाईल असते आणि तिच्या आत लायब्ररी, तिची माहिती आणि ती आणखी कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे याची यादी असते.

हे परावलंबन किती खोलवर गेलेले आहे याची कल्पना जगाला मार्च २०१६ मध्ये आली. जावास्क्रिप्ट भाषेच्या भांडारातून एका लेखकाने 'लेफ्ट पॅड' नावाचे आपले पॅकेज काढून घेतले. त्यात उण्यापुऱ्या ११ ओळी होत्या. एखाद्या शब्दाच्या डाव्या बाजूस ठरावीक संख्येने मोकळी जागा अथवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. तथापि त्या ११ ओळींवर इतरांची पॅकेजे आणि त्या पॅकेजांवर आणखी इतरांची अशी साखळी असल्यामुळे असंख्य प्रोग्रामांची बांधणी काही तास अडून राहिली. शेवटी भांडाराच्या चालकांना ते पॅकेज परत ठेवावे लागले. जो दुसऱ्यास वापरण्यासाठी काही देतो, त्याच्यावर न पाहिलेल्या माणसांचा भार असतो, हे या घटनेने स्पष्ट केले.

आकड्यांतील वचन

हा भार ओळखूनच पॅकेजांच्या आवृत्तींना क्रमांक देण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. क्रमांकात तीन आकडे असतात; उदाहरणार्थ, १.४.०. केवळ चूक दुरुस्त केली असेल तर शेवटचा आकडा वाढवावयाचा. जुने सर्व कायम ठेवून नवीन काही घातले असेल तर मधला वाढवावयाचा. आणि जुने वापरणाऱ्यास अडचण होईल असा बदल केला असेल तर पहिला आकडा वाढवावयाचा. म्हणजे १.४.० नंतर १.५.० आली की वापरणाऱ्याने निःशंक मनाने ती घ्यावी, २.० आली तर मात्र जरा जपून.

हे तीन आकडे म्हणजे लेखकाने दिलेले वचनच होय. प्रश्न इतकाच की, लेखक कितीही प्रामाणिक असला तरी हे वचन आपण खरोखर पाळले आहे की नाही, हे त्याला स्वतःला तरी ठाऊक असते काय? पुष्कळदा नसते, आणि ते का नसते हे पाहणे अतिशय उद्बोधक आहे.

निरुपद्रवी दिसणारा बदल

अशी कल्पना करा की, एका लेखकाने व्याजाचा हिशेब करणारी लायब्ररी तयार केली आहे. तिच्यात 'व्याज' नावाचे फंक्शन आहे. त्याला मुद्दल, दर आणि वर्षे या तीन गोष्टी दिल्या की ते व्याज काढून देते. ही झाली १.४.० आवृत्ती. पुढे कोणीतरी सुचवले की चक्रवाढ व्याजाचीही सोय असावी. लेखकाने त्याच फंक्शनला चौथी गोष्ट जोडली: व्याज चक्रवाढ आहे काय? ती ऐच्छिक ठेवली. कोणी ती दिली नाही तर 'नाही' असे समजावे, असे सांगून ठेवले. जुन्या पद्धतीने तीनच गोष्टी देणाऱ्याचे काही बिघडत नाही, असे त्याला वाटले. त्याने आपल्या चाचण्या चालवल्या; सर्व उत्तीर्ण झाल्या. त्याने १.५.० आवृत्ती प्रसिद्ध केली.

वचन मोडले गेले आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नाही!

याचे कारण असे आहे. कंपायलर जेव्हा एखाद्या प्रोग्रामचे रूपांतर करतो, तेव्हा तो 'व्याज नावाचे फंक्शन' एवढेच लिहून ठेवत नाही; 'तीन गोष्टी घेणारे, अमुक प्रकारच्या, अमुक क्रमाने, व्याज नावाचे फंक्शन' असा संपूर्ण पत्ता लिहून ठेवतो. ऐच्छिक गोष्टीची ठरलेली किंमतही कंपायलर रूपांतराच्या वेळीच वापरणाऱ्याच्या प्रोग्रामात भरून टाकतो. लायब्ररी ती चालण्याच्या वेळी पुरवत नाही. म्हणून ज्यांच्या प्रोग्रामाचे रूपांतर नव्या आवृत्तीसह पुन्हा झाले, त्यांचे सर्व सुरळीत चालते. लेखकाच्या चाचण्या याच वर्गातील होत्या. परंतु ज्यांचे रूपांतर जुन्या आवृत्तीसह पूर्वीच होऊन गेले आहे, ते तीन गोष्टींच्या फंक्शनचा पत्ता हुडकीत राहतात आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. गाईडातील ४२ वे पान ते हेच.

कोणी म्हणेल, मग त्यांनीही रूपांतर पुन्हा करावे. येथेच खरी अडचण आहे. समजा, एका पतसंस्थेच्या हिशेबाचा प्रोग्राम दोन पॅकेजे वापरतो: एक ही व्याजाची लायब्ररी आणि दुसरी कर्जखात्यांची लायब्ररी. कर्जखात्यांची लायब्ररी स्वतःही व्याजाच्या लायब्ररीवर अवलंबून असून तिचे रूपांतर १.४.० सह झालेले आहे. पतसंस्थेच्या प्रोग्रामरने व्याजाची १.५.० आवृत्ती घेतली. एका प्रोग्रामात साधारणतः एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्ती राहत नाहीत. नूगेट दोघांसाठी मिळून १.५.० हीच निवडते. कर्जखात्यांची लायब्ररी तिसऱ्याच कोणाची तरी असल्यामुळे ती तयार स्वरूपात येते. तिचे रूपांतर पुन्हा होत नाही. सर्व प्रोग्राम विनातक्रार बांधला जातो, सुरूही होतो आणि चांगला चालतोही. मात्र ज्या क्षणी कर्जखात्याचे व्याज काढण्याची वेळ येते, त्या क्षणी 'असे फंक्शन सापडत नाही' असे सांगून तो कोसळतो. ते काम वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या रात्री होत असेल, तर दोष उघडकीस येण्याचा मुहूर्तही तोच!

पडताळणी चालू करणे

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या डॉटनेट ६ पासून, अशा चुका पॅकेज प्रसिद्ध होण्यापूर्वीच पकडण्याची सोय त्या साधनसंचातच अंतर्भूत झाली. ती आपोआप चालू नसते. लेखकाने ती मागून घ्यावी लागते.

प्रत्येक लायब्ररीसोबत तिच्या बांधणीच्या सूचनांची एक फाईल असते. तिला प्रोजेक्ट फाईल म्हणतात. तीत निरनिराळ्या गुणधर्मांची नावे आणि त्यांच्या किमती खुणांच्या जोडीत लिहिलेल्या असतात. पडताळणी चालू करण्यासाठी त्यात 'एनेबलपॅकेजव्हॅलिडेशन' हा गुणधर्म लिहून त्याची किंमत 'ट्रू', म्हणजे होय, अशी द्यावी. गुणधर्माचे नाव सर्व शब्द जोडून एकसंध लिहावयाचे असते. एवढे केल्यावर 'डॉटनेट पॅक' ही आज्ञा दिली की पॅकेज तयार होते आणि लगोलग त्याची तपासणीही होते.

परंतु आपल्या व्याजाच्या उदाहरणातील चूक पकडावयाची तर आणखी एक गुणधर्म आवश्यक आहे. त्याचे नाव 'पॅकेजव्हॅलिडेशनबेसलाइनव्हर्जन'. त्याची किंमत म्हणून पूर्वी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीचा क्रमांक लिहावयाचा, येथे १.४.०. मग साधन ते जुने पॅकेज भांडारातून उतरवून घेते आणि जुन्या लायब्ररीतील प्रत्येक उघडा प्रकार व प्रत्येक उघडे फंक्शन नव्या लायब्ररीत त्याच पत्त्यावर आहे काय, हे एकेक करून ताडून पाहते. तीन गोष्टींचे 'व्याज' फंक्शन त्यास सापडत नाही. तेव्हा ते 'सीपी ०००२' या क्रमांकाची चूक दाखवून थांबते. याचा अर्थ, जुन्यात असलेले फंक्शन नव्यात नाही. संपूर्ण प्रकारच नाहीसा झाला असेल तर 'सीपी ०००१' हा क्रमांक येतो.

दुरुस्ती अगदी सोपी आहे. तीन गोष्टींचे जुने फंक्शन जागच्या जागी ठेवावे आणि चार गोष्टींचे दुसरे फंक्शन त्याच्या शेजारी त्याच नावाने लिहावे. जुन्याने आतून नव्यास बोलावले म्हणजे हिशेब दोनदा लिहावा लागत नाही. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत बोलावयाचे तर, नवे प्रकरण आरंभी न घालता शेवटी जोडावे. जुनी पाने सरकत नाहीत.

येथे एक सूचना ध्यानात ठेवली पाहिजे. १.५.० प्रसिद्ध झाल्यावर तुलनेसाठी लिहिलेला क्रमांकही पुढे सरकवून १.५.० करावा लागतो. तो जुनाच राहिला तर १.५.० मध्ये नव्याने दिलेली वचने कोणी तपासणारच नाही. तसेच, एकाच लेखकाच्या पुष्कळ लायब्ररी असतील तर प्रत्येकीच्या फाईलीत पहिला गुणधर्म पुनःपुन्हा लिहिण्याचे कारण नाही. सर्वांच्या वरच्या फोल्डरात 'डायरेक्टरी बिल्ड प्रॉप्स' नावाची फाईल ठेवून तीत तो एकदाच लिहिला की खालच्या सर्वांना तो लागू होतो.

आणखी दोन तपासण्या

जुन्याशी तुलना ही एक तपासणी झाली. पण एकाच पॅकेजच्या पोटातही विसंगती असू शकते. पुष्कळ लेखक एकाच पेटीत लायब्ररीची दोन-तीन रूपे ठेवतात: एक जुन्या-नव्या सर्व ठिकाणी चालणारे, २०१७ साली आलेल्या 'डॉटनेट स्टँडर्ड २.०'साठी, आणि दुसरे केवळ नव्या डॉटनेटसाठी. हे म्हणजे एका ग्रंथाची संक्षिप्त आणि बृहत् अशा दोन आवृत्ती ठेवण्यासारखे आहे. संक्षिप्त आवृत्तीवरून अभ्यास केलेल्यास बृहत् आवृत्ती हाती दिली, तर त्याला परिचित असलेले सर्व काही तीत सापडलेच पाहिजे. एखादे फंक्शन संक्षिप्तात आहे आणि बृहतात नाही, असे झाले तर रूपांतर पहिल्यासह झालेला प्रोग्राम दुसऱ्यासह चालताना कोसळेल. ही विसंगती दुसरी तपासणी पकडते.

तिसरी तपासणी निरनिराळ्या यंत्रणांसंबंधी आहे. विंडोजसाठी एक आणि युनिक्सच्या कुळातील यंत्रणांसाठी दुसरे, अशी रूपे पेटीत असतील तर ज्या रूपावर विसंबून प्रोग्राम बांधला जातो, त्यातील सर्व फंक्शने प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रत्येक रूपात आहेत की नाहीत, हे ती पाहते. याशिवाय, जुन्या आवृत्तीत ज्या व्यवस्थेची सोय होती ती नव्या आवृत्तीतून अजिबात गळाली असेल, तर तेही 'पीकेव्ही ००६' या क्रमांकाने लेखकाच्या नजरेस आणून दिले जाते.

काढून टाकल्यानेच मेळ तुटतो असे मात्र समजू नये. कधी कधी भर घातल्यानेही तो तुटतो. 'इंटरफेस' म्हणून एक प्रकार असतो. त्यात कामांची फक्त यादी असते आणि ती कामे प्रत्यक्ष करून देण्याची हमी वापरणारा घेतो. लेखकाने त्या यादीत मागाहून एक काम वाढवले, तर ज्यांनी पूर्वीच्या यादीबरहुकूम सर्व तयारी केली होती ते एकाएकी अपुरे ठरतात. परीक्षेचा अर्ज भरून झाल्यावर अभ्यासक्रमात एक विषय वाढवावा तसेच हे! 'सीपी ०००६' ही चूक नेमकी याचसाठी आहे.

जाणूनबुजून केलेला बदल

मग जुने कधी टाकावयाचेच नाही काय? तसे नाही. जुने काही टाकणे कधी कधी आवश्यक आणि हिताचेही असते. तशा वेळी आज्ञेबरोबर 'एपीआयकॉम्पॅटजनरेटसप्रेशनफाइल' हा गुणधर्म 'ट्रू' करून दिला की साधन सापडलेल्या सर्व चुकांची नोंद 'कंपॅटिबिलिटी सप्रेशन्स' नावाच्या फाईलीत करते. कोणती चूक, कोणत्या फंक्शनासंबंधी, जुनी फाईल कोणती आणि नवी कोणती, असा तपशील तीत असतो. पुढच्या वेळी नोंदलेल्या चुकांबद्दल साधन तक्रार करीत नाही. नव्या चुकांबद्दल मात्र करते.

या फाईलीचे महत्त्व केवळ तोंड बंद करण्यापुरते नाही. ती सोर्सबरोबर जपून ठेवली जाते, सहकारी ती वाचतात आणि 'हे आपण खरेच मोडणार आहोत काय?' असा प्रश्न विचारतात. नकळत झालेली चूक आणि विचारपूर्वक घेतलेला निर्णय यांतील भेद तिच्यामुळे लिखित स्वरूपात राहतो. अर्थात, न वाचताच ही फाईल तयार करून मोकळे होणारेही असतात. दुखणे तसेच ठेवून वैद्यालाच घरी पाठवण्यासारखे ते आहे. आणि वचन मोडावयाचेच ठरले, तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवून ते उघडपणे सांगावे, हाच सभ्य मार्ग.

मर्यादा

या साधनाविषयी अवाजवी विश्वास बाळगणेही योग्य नव्हे. ते बाह्य आकार तपासते; आशय तपासत नाही. 'व्याज' फंक्शनाचा पत्ता तोच ठेवून आतील सूत्र चुकीचे लिहिले, तर पडताळणी खुशाल 'ठीक' म्हणेल. ५००० रुपयांवर द. सा. द. शे. ८ दराने ३ वर्षांचे सरळव्याज १२०० रुपयेच यावे, हे पाहण्यासाठी चाचण्याच लिहाव्या लागतात. तसेच, पॅकेज विश्वासू माणसाकडून आले आहे की मध्येच कोणी त्यात फेरफार केला आहे, हे शोधण्याचे उपाय निराळे आहेत. पेटीत ठेवलेल्या वस्तूंची संख्या आणि मापे बरोबर आहेत एवढीच ही ग्वाही. वस्तू उत्तम आहेत अशी नव्हे.

असे असले तरी ही ग्वाही लहान मानू नये. दोन ओळींच्या सूचनेमुळे, डोळ्यांनी न दिसणारी आणि स्वतःच्या चाचण्यांनाही न सापडणारी चूक प्रसिद्धीपूर्वीच हाती लागते. पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या छपाईपूर्वी, बाजारातील गाईडातला प्रत्येक पृष्ठांक जर कोणी ताडून पाहिला असता, तर त्या धाकट्या विद्यार्थ्याची संध्याकाळ वाया गेली नसती.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकजण पुढे प्रोग्राम लिहितील आणि त्यांतील काही इतरांच्या उपयोगासाठी भांडारात ठेवतील. ते कोण वापरील, कोणत्या गावी वापरील, त्यावर कोणाचा हिशेब, कोणाचे औषध वा कोणाचा प्रवास अवलंबून असेल, हे तुम्हांस कधीच कळणार नाही. ती माणसे तुमचे तोंड ओळखत नाहीत. तुमच्या आवृत्तीच्या तीन आकड्यांवर मात्र विश्वास ठेवतात. नवे करण्याची हौस अवश्य बाळगा. परंतु पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी, आपण मागे काय कबूल केले होते, हे एकदा ताडून पाहण्याची सवय ठेवा. ते काम यंत्राकडून करून घेता येत असेल तर घ्यावे. पण ते करून घेण्याची बुद्धी होणे, हे मात्र माणसाचेच काम आहे.